उर्वरित म्हणजे नेमके कोण?

सकाळी ट्रेनमध्ये उभ्या उभ्या मोबाइलवर बातमी वाचली. 'मुंबईसह राज्यात मुसळधार.' रोजचीच ओळ. आज मात्र त्या 'सह'पाशी अडकले, कारण नेमकी हुतात्मा चौकातून ऑफिसकडे चालले होते आणि डोक्यात ती जुनी घोषणा आली: 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!' जानेवारी १९५६ मध्ये मुंबई केंद्रशासित करायची घोषणा झाली, लोक रस्त्यावर उतरले, शंभरावर माणसं जिवानिशी गेली. सगळी लढाई त्या दोन अक्षरांची. मुंबई आमच्यात धरा, बाहेर काढू नका. आणि आता तेच 'सह' असं वापरतात की आधी मुंबई, मग मागून आलेलं राज्य. लग्नाच्या पत्रिकेतल्या 'सहकुटुंब'सारखं.

यावर ऑफिसात बोलले तर एक सहकारी म्हणाला, "अगं पण मुंबई आणि उर्वरित महाराष्ट्र हे वेगळंच आहे ना." उर्वरित! ताटात राहिलेल्या भातासारखं. माझं माहेर कराड. राज्याचे पहिले मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण ज्या गावचे म्हणून ओळखले गेले, ज्यांची समाधी कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर आहे, ते कराड. १९६० ला राज्य झालं त्याच वर्षी आमच्याकडे सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज सुरू झालं. असं ते उरलंसुरलं गाव.

गंमत म्हणजे संविधानाला विचारलं तर उत्तर वेगळंच येतं. कलम ३७१(२) मध्ये विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांच्यासाठी वेगळ्या विकास मंडळांची तरतूद आहे. १९९४ साली ती मंडळं झाली, २०२० ला त्यांची मुदत संपली, तो विषय वेगळा. पण तिथल्या शब्दांचा सरळ अर्थ बघा. विदर्भ आणि मराठवाडा वगळून जे राहतं ते उर्वरित. म्हणजे पुणं, नाशिक, कोकण आणि हो, नरिमन पॉइंटसुद्धा. सहकाऱ्याला हे सांगितलं. त्यानं चहा संपवला आणि म्हणाला, "टेक्निकली." बरं.

नावांचं मला वावडं नाही. लोकांनी आपल्या उंबऱ्यात उभं राहून ठेवलेली नावं तर मला फार आवडतात. माझं सासर कुडाळकडचं. लग्न होऊन गेले तेव्हा सासूबाईंनी शेजारणीला माझी ओळख करून दिली, "ही आमची घाटावयली सून." मी जरा गोंधळले. कराडात बावीस वर्षं वाढले तेव्हा मी कुठल्याही घाटावर राहत नव्हते. आम्ही आपले कृष्णाकाठचे. आंबोलीच्या, फोंड्याच्या घाटाखाली उभं राहून वर बघितलं की आम्ही 'घाटावरचे' होतो, आमचा सगळा मुलूख 'देश' होतो. वर राहणाऱ्याला ते ठाऊकही नसतं. पहिल्याच आठवड्यात मी वांग्याच्या भाजीत शेंगदाण्याचा कूट घातला आणि सासरे ताटाकडे बघून म्हणाले, "देश इलो." त्यात टोमणा होता, माया होती, आणि दुसऱ्यांदा वाढून घेणंही होतं.

हाच शब्द मुंबईत आला की 'घाटी' होतो आणि मग त्यात माया उरत नाही. गोव्यातही घाटावरून आलेल्यांना असंच म्हणतात. डोंगर तोच, पण सूर बदलला की शब्द शिवी होतो.

आणि उलट दिशेचं नाव ऐका: चाकरमानी. गणपतीला गाड्या भरभरून येणारा मुंबईवाला तिकडे चाकरमानीच. इथं तो सोसायटीचा सेक्रेटरी असेल नाहीतर बँकेत मॅनेजर, गावच्या लेखी तो चाकरीला गेलेला माणूस, सुट्टी संपली की जाणार. मुंबईला तिची जागा दाखवणारा याहून नेमका शब्द मी तरी ऐकलेला नाही.

'गाव' या शब्दाचं तर वेगळंच. मुंबईत मे महिन्यात सगळे 'गावाला' जातात. कुणी कोल्हापूरला, कुणी थेट नागपूरला, तरी 'गावाला'. लांब पल्ल्याची गाडी ती बाहेरगावची गाडी. म्हणजे मुंबईच्या भाषेत गाव कायम बाहेर. आणि माझी मावशी पुण्यात कोथरूडला राहते, ती म्हणते, "गावात जाऊन येते गं, तुळशीबागेत काम आहे." तिचं गाव म्हणजे शहराच्या पोटातल्या पेठा! लाखो लोकांच्या शहराचा गाभा तो गाव, आणि ती जिथे राहते तो आत्ता-आत्तापर्यंत गावाबाहेर. पुणेकरांना यात काही विसंगत वाटत नाही. त्यांना कशातच वाटत नाही.

'पश्चिम महाराष्ट्र'ही असाच. नकाशा काढा. साताऱ्या-सांगलीच्या पश्चिमेला सबंध कोकण पडलंय, मुंबई पडलीये, तरी पश्चिम आम्हीच. विदर्भात उभं राहून बघितलं तर ठीक आहे. हवामान खात्याच्या लेखी तर आम्ही 'मध्य महाराष्ट्र'. कराडच्या मंडईत जाऊन कुणाला विचारा, तुम्ही मध्य महाराष्ट्रातले ना? पेंडी हातात तशीच धरून तो तुमच्याकडे बघत राहील.

ही सगळी नावं बोलणारा कुठे उभा आहे ते सांगतात, आणि ते सांगण्यात काही लाज नाही. 'उर्वरित' मात्र तसं नाही. ते बोलणारा उभा कुठेच नसतो, तो वरून बघत असतो. त्याच मुंबईचं पाणी भातसा, तानसा, वैतरणेतून येतं. सात तलावांपैकी विहार आणि तुळशी हे दोन छोटेच काय ते शहराच्या हद्दीत. ऊर्ध्व वैतरणा तर पार नाशिक जिल्ह्यात, इगतपुरी तालुक्यात. ज्या शहापूर तालुक्यात भातसा-तानसा आहेत तिथल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर लागतो. सकाळी नळ सोडताना हे कुणाला उर्वरित वाटत नाही.

आता माझंच बघा. एकोणीस वर्षं डोंबिवलीत आहे. जिल्हा ठाणे, महापालिका कल्याण-डोंबिवली. कराडात मी 'मुंबईची', कुडाळात 'मुंबयवाली', आणि ऑफिसात, "तू बाहेरून येतेस ना? लवकर निघ." स्वतः बोरिवलीत राहणारी मैत्रीण फोर्टला येण्याला 'टाऊनला जाणं' म्हणते. सरकारी हिशेबात तिचा जिल्हाच वेगळा, मुंबई उपनगर, १९९० पासून. म्हणजे तीही तशी बाहेरचीच, फक्त माझ्यापेक्षा कमी.

हे लिहीत असताना आईचा फोन आला. टीव्हीचा आवाज मोठा ठेवून बोलत होती.

"अगं मुंबई बुडाली म्हणत्यात! पोरं आली का घरी?"

मी खिडकीतून बघितलं. दोरीवरचे कपडे कडकडीत वाळलेले.

"आई, इथे पाऊसच नाहीये."

"आत्ता गं बया. मग तू राहतीस कुठं?"