स्वालबार्डवरचा तो फॉरवर्ड पुढे पाठवू नका

"जगातलं शेवटचं अस्पर्श बेट, इथे मरायला कायद्याने बंदी, माणसांपेक्षा अस्वलं जास्त, आणि जायला व्हिसाच लागत नाही!" स्वालबार्ड म्हणजे उत्तर ध्रुवाजवळचा नॉर्वेचा बेटसमूह. त्यावरचा हा फॉरवर्ड, सोबत अस्वलाजवळ काढलेला एक सेल्फी, बरेच दिवस फिरतोय, मी सोडून देत होतो, पण काल भाच्यानेच पाठवून विचारलं, मामा, मग तिकीट काढू का? म्हणून आता लिहितोच.

व्हिसा आधी, कारण त्यात पैसे बुडतील. 1920 च्या करारामुळे स्वालबार्डला स्वतःचा व्हिसा नाही हे खरं, मान्य. पण नेहमीची विमानं जातात नॉर्वेमधून, नॉर्वे शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर चालणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे आणि स्वालबार्ड नाही, त्यामुळे आपल्याला शेंगेन व्हिसा लागतोच आणि तोही डबल एंट्रीचा, नाहीतर परतताना अडकाल. शिवाय स्वतःचा खर्च भागवता येत नसेल तर तिथले गव्हर्नर परत पाठवू शकतात.

मरायला बंदी? असा कायदाच नाहीये. जमीन कायम गोठलेली, पुरलेली पेटी हळूहळू वर ढकलली जाते, म्हणून तिथल्या मुख्य गावात, लाँगयरब्येनमध्ये, शवपेट्या पुरणं 1950 च्या सुमारास थांबवलं. अस्थिकलश परवानगी घेऊन पुरता येतो.

अस्वलं: नॉर्वेजियन पोलर इन्स्टिट्यूटने 2015 ला मोजली तेव्हा स्वालबार्डमध्ये 270 च्या आसपास भरली. माणसं अडीच हजारांच्या आसपास. अस्वलं 3,000 असा जो आकडा सांगतात तो अख्ख्या बॅरंट्स समुद्राचा आहे, रशियाच्या बाजूसकट.

पण खरा संताप येतो तो "अस्पर्श" वाचून. 1596 ला डच दर्यावर्दी विलेम बॅरंट्स तिथे पोचला आणि पुढच्या काही दशकांतच डच लोकांनी स्मेरेनबुर्गला देवमाशाची चरबी वितळवायच्या भट्ट्या लावल्या, त्यांचे अवशेष अजून किनाऱ्यावर आहेत. बोहेड देवमासे जवळपास संपवले. वॉलरस सुळ्यांसाठी आणि चरबीसाठी इतके मारले की 1952 ला बंदी आली तेव्हा मोजकेच उरले होते. अस्वलांसाठी तर पेटीत बंदूक बसवायचे, आमिष ओढलं की गोळी थेट डोक्यात, आणि अस्वलांची शिकार 1973 पर्यंत, म्हणजे आपल्या आईवडिलांच्या काळापर्यंत चालू होती! आणि कोळसा? लाँगयरब्येन वसलंच 1906 ला खाणीसाठी. आपलं हिमाद्री संशोधन केंद्र 2008 पासून ज्या न्यू-ऑलेसुंडमध्ये आहे ते गावही मुळात खाणीचंच, 1962 च्या स्फोटात तिथे 21 कामगार गेले आणि मग खाण बंद झाली.

आज तिथे प्राणी दिसतात ते शिकार कायद्याने थांबवली म्हणून. त्याच इन्स्टिट्यूटच्या 2018 च्या मोजणीत वॉलरस 5,500 च्या आसपास होते, बंदीनंतर 66 वर्षांनी. बोहेड मात्र आजही थोडेच आहेत. आणि कायदा अजून कडक होतोय, 2025 पासून अस्वलापासून किमान 300 मीटर लांब राहावं लागतं, मार्च ते जून 500. फॉरवर्डमधला अस्वलाजवळचा सेल्फी आज कुणी काढला तर तो गुन्हा आहे.