प्रकाशश्वसन बंद करून कसं चालेल?

‘प्रकाशश्वसन म्हणजे निव्वळ उधळपट्टी, ते बंद केलं की पीक वाढेल’ हे लेखातलं वाक्य अजिबात पटलं नाही. प्रकाशश्वसन म्हणजे प्रकाशसंश्लेषणात कार्बन डायऑक्साइडऐवजी ऑक्सिजन पकडला गेला की तयार होणारा नको असलेला पदार्थ निस्तरायची वनस्पतीची प्रक्रिया. १९७९ साली सोमरविल आणि ऑग्रेन यांनी अरॅबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या छोट्या रोपाचा एक म्युटंट (जनुकात बदल झालेला वाण) शोधला, या प्रक्रियेची पहिली पायरी करणारं फॉस्फोग्लायकोलेट फॉस्फटेज हे एन्झाइमच नसलेला. १ टक्का कार्बन डायऑक्साइडमध्ये तो छान वाढायचा, साध्या हवेत मात्र टिकत नसे. एमएस्सीला असाच एक म्युटंट मी वाढवलाय. जास्त कार्बन डायऑक्साइडच्या चेंबरमधून साध्या हवेत काढली तेव्हा रोपं हिरवीगार होती, आठवडाभरात पानं शिरांच्या मधे पिवळी पडत गेली. रुबिस्को, म्हणजे कार्बन डायऑक्साइड पकडणारं एन्झाइम, ऑक्सिजनही पकडणारच. मग तयार झालेलं फॉस्फोग्लायकोलेट निस्तरणार कोण?

२०१९ मध्ये तंबाखूचा जैवभार शेतात ४० टक्क्यांहून जास्त वाढला, तो प्रकाशश्वसन बंद करून नाही, तर फॉस्फोग्लायकोलेटपासून बनणाऱ्या ग्लायकोलेटला हरितलवकातच जवळची वाट करून दिल्यामुळे. हा प्रयोग लेखात यायलाच हवा होता.