‘फॉरमॅट केलं असतं तर तेव्हाच चालू झाली असती’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार सर,

तुमचा रिव्ह्यू नीट वाचला. तुमचं म्हणणं असं, की 4 टीबीची एक्स्टर्नल हार्ड डिस्क आम्ही चार-पाच दिवस ठेवून घेतली. स्क्रीनवर फॉरमॅटचा मेसेज दिसत असताना तो दाबायला नकार दिला. शेवटी डिस्क तुमच्याच जुन्या बॉक्समध्ये (तिच्या मूळ बाहेरच्या कव्हरमध्ये) चालू झाली, मग पैसे कशाचे घेतले, आणि वर नवी डिस्क कशाला आणायला लावली?

कोल्हापूरच्या उद्यमनगरात वर्कशॉप चालवणाऱ्या माणसाची ड्रॉइंग आणि टॅलीचा डेटा अडकला की काय होतं, ते आम्हाला ठाऊक आहे. जॉब मशीनवर चढवायचा असतो, पार्टीचे फोन सुरू असतात. तुमचा राग समजतो. पण त्या मेसेजवर आम्ही हात ठेवला नाही म्हणूनच तुमचा डेटा आज तुमच्याकडे आहे, आणि उद्या पुन्हा तशीच डिस्क आली तरी आम्ही तेच करू. का, ते सविस्तर लिहितो.

तुमची डिस्क मूळ बॉक्समध्ये दिसत नव्हती, म्हणून तुम्ही ती घरी खोलून आतली डिस्क थेट पीसीच्या साटा केबलला (पीसीच्या आत डिस्क जोडायची केबल) लावलीत. बायोसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधीची पीसीची स्क्रीन) ती मॉडेलच्या नावासकट आणि पूर्ण क्षमतेनं दिसली. ही चांगली खूण होती. बायोसला नाव दिसत नाही किंवा क्षमता शून्य दिसते, तेव्हा दुखणं बहुतेक वेळा केबल, पॉवर किंवा खुद्द डिस्कमध्ये असतं आणि विंडोजमध्ये कितीही खटपट केली तरी उपयोग नसतो. तुमच्या बाबतीत डिस्क जिवंत होती, फक्त विंडोजला तिच्यावरचं काही वाचता येत नव्हतं.

विंडोजचं डिस्क मॅनेजमेंट उघडल्यावर आम्हाला जे दिसलं ते तुम्हालाही काउंटरवर दाखवलं होतं. 4 टीबीच्या डिस्कवर जेमतेम 465 जीबीचं एक पार्टिशन (डिस्कवर आखलेला भाग), त्यावर ‘रॉ’, म्हणजे आतली मांडणी ओळखता येत नाही, असं लिहिलेलं, बाकी सगळी जागा रिकामी. हा 465 चा आकडा बघितला आणि आम्ही माउसवरचा हात काढला. विंडोज ज्या पद्धतीनं मोजते त्यात 4 टीबी म्हणजे सुमारे 3,725 जीबी, आणि त्याचा आठवा हिस्सा 465. काही एक्स्टर्नल बॉक्समधलं सर्किट कॉम्प्युटरला 4096 बाइटचा एक सेक्टर (डिस्कवरची जागा मोजायचा लहानात लहान तुकडा) असं सांगतं. तीच डिस्क बाहेर काढून थेट लावली की मोजणी 512 बाइटनं होते. बरोबर आठपटीचा फरक. सातबारा एकरात लिहिलेला आणि वाचणारा गुंठे समजून मोजायला लागला, तर जमीन जागेवरच असते पण हद्द काही सापडत नाही, तसंच हे. डेटा पुसला गेलेला नव्हता. विंडोज चुकीच्या जागी शोधत होती, तिथं काही सापडेना म्हणून फॉरमॅट मागत होती.

अशा वेळी ‘ओके’ दाबलं असतं तर डिस्क खरंच चालू झाली असती, तुमचं म्हणणं त्यापुरतं खरं आहे. रिकामी होऊन. क्विक फॉरमॅटनं त्या चुकीच्या हद्दीत नवी फाइल सिस्टिम (कुठली फाइल कुठं आहे त्याची मांडणी) लिहिली असती, तीसुद्धा जिथं तुमच्या फाइली पडलेल्या आहेत त्या जागेवर. आणि क्विकची खूण काढून पूर्ण फॉरमॅट केलं तर व्हिस्टापासूनची विंडोज त्या अख्ख्या पार्टिशनवर शून्यं लिहिते. त्याखालचं मग कुठल्याही सॉफ्टवेअरनं परत येत नाही. ‘आधी फॉरमॅट मारू, मग रिकव्हरी करू’ असा सल्ला बाजारात सर्रास मिळतो. मला तो अजिबात मान्य नाही.

म्हणून आम्ही तुम्हाला बॉक्स आणि अ‍ॅडॅप्टर आणायला सांगितलं, आणि ते हातात येईपर्यंत डिस्कला पॉवरही दिली नाही. मूळ बिघाड त्या अ‍ॅडॅप्टरमध्येच निघाला. नुसता मीटर लावला तर 12 व्होल्ट ठीक दाखवायचा. डिस्क जोडली की व्होल्टेज खाली बसायचं. बॉक्सवरचा दिवा लागायचा, मोटर घुमायला लागायची, ‘टिक्’ असा आवाज यायचा आणि सगळं थांबायचं. परत तेच. बाहेरून बघणाऱ्याला दिवा दिसतो, त्यामुळे पॉवरवर कुणाचा संशय जात नाही. दुसरा 12 व्होल्टचा अ‍ॅडॅप्टर लावल्यावर तुमच्याच बॉक्समध्ये डिस्क तिच्या नावासकट उघडली.

मग त्याच दिवशी का दिली नाही? कारण स्मार्ट रिपोर्टमध्ये (डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते त्यात) पेंडिंग सेक्टरचा आकडा शून्य नव्हता. म्हणजे काही जागा डिस्कला स्वतःलाच धड वाचता येत नव्हत्या. अशी डिस्क घरी नेऊन फोल्डरमागून फोल्डर कॉपी करत बसलं किंवा त्यावर चेकडिस्क (विंडोजमधलं डिस्क दुरुस्तीचं साधन) चालवलं, तर ती मधेच बसू शकते. चेकडिस्क फाइल सिस्टिम सुरळीत करून देतं, तुमच्या फाइली वाचवणं हे त्याचं काम नाही. आधी सेक्टर-टू-सेक्टर क्लोन, म्हणजे अख्ख्या डिस्कची हुबेहूब प्रत, करायचा आणि पुढचं सगळं त्या क्लोनवर, हाच रस्ता. त्यासाठी तेवढ्याच क्षमतेची दुसरी डिस्क लागते. ती आमच्याकडूनच घ्या असं आम्ही म्हटलं नव्हतं. तुम्ही बाहेरून आणलीत, तीच वापरली.

वेळेचा हिशेब असा, की धडधाकट डिस्कवरून सेकंदाला 150 एमबी वेगानं वाचलं तरी 4 टीबीला साडेसात तास जातात. खराब सेक्टर आले की वेग केबीवर येतो. चांगला भाग आधी उचलायचा, हट्टी जागा शेवटी पुन्हा पुन्हा वाचायच्या. त्यात दिवस जातात, आणि तिथं घाई केली की डिस्कचं वाचणारं हेड जातं. बिलावर तपासणी, क्लोन आणि अ‍ॅडॅप्टर अशा तीन वेगळ्या ओळी आहेत, आणि काम सुरू करण्याआधी तिन्ही आकडे लिहून तुमची सही घेतली होती. 2019 आणि 2021 च्या महापुरानंतर पाण्यातनं काढलेल्या डिस्क लोकांनी घाईनं चालू करून बघितल्या आणि मग आमच्याकडे आणल्या. तेव्हापासून आधी लिहून द्यायचं, मग हात लावायचा, हा दुकानाचा नियम आहे.

हा रिव्ह्यू वाचणाऱ्या इतरांसाठीही सांगतो. बायोसमध्ये डिस्क दिसतेय, पण विंडोजमध्ये नाही, आणि डिस्क मॅनेजमेंटमध्ये ती ‘ऑफलाइन’ आहे किंवा तिला ड्राइव्ह लेटर नाही, एवढंच असेल तर ते खरोखर पाच मिनिटांचं काम आहे. त्याचे आम्ही पैसे घेत नाही, राजारामपुरीत दुकानात या, समोर करून देतो. पण ‘इनिशियलाइज’ किंवा ‘फॉरमॅट’ विचारलं आणि आत डेटा असेल, तर कॅन्सल दाबा आणि डिस्क बंद करा.

सर, तुमची जुनी डिस्क आता नुसती दिसतेय म्हणून त्यावर परत काम सुरू करू नका. टॅलीचा बॅकअप नव्या डिस्कवर आणि आणखी एका ठिकाणी ठेवा. तुमच्या क्लोनची एक इमेज (फाइलच्या रूपातली प्रत) आमच्या मशीनवर अजून आहे, डेटा तपासून तुम्ही होकार देईपर्यंत ठेवू असं ठरलं होतं. फाइली उघडून बघितल्यात की दुकानात या, तुमच्यासमोरच ती पुसून टाकतो.