आईच्या कादंबरीचं पांढरं कव्हर

आज उपासना सुटल्यावर चर्चच्या अंगणात उभी होते. धाकटा शब्बाथशाळेतून यायचा होता, म्हणून पिशवीतून पुस्तक काढून दोन पानं वाचत होते. मंडळीतल्या एक ज्येष्ठ बाई आल्या. मी सलाम केला. त्यांनी सलाम घेतला, माझ्या हातातलं पुस्तक उलटं करून मुखपृष्ठ बघितलं आणि चारचौघींसमोर म्हणाल्या, "दोन लेकरांची आई झालीस, आता प्रेमाच्या कादंबऱ्या? तेवढ्या वेळात शास्त्राचा एक अध्याय वाचून झाला असता."

मी हसले. पुस्तक पिशवीत टाकलं. घरी येईपर्यंत रिक्षात एक शब्द बोलले नाही. आता रात्रीचे साडेअकरा वाजलेत, पोरं झोपलीत आणि राग काही उतरत नाहीये.

राग त्या बाईंपेक्षा मी पुस्तक पिशवीत टाकलं त्याचा जास्त आहे.

माझी आई नगरला एका दवाखान्यात नर्स होती. भाड्यानं पुस्तकं देणाऱ्या वाचनालयातून कादंबऱ्या आणायची. आणली की आधी तिला कव्हर घालायची. जुन्या कॅलेंडरचं मोठं पान घ्यायचं, चित्र आत, कोरी पांढरी बाजू वर. बघणाऱ्याला वाटावं, पोरीच्या शाळेचं पुस्तक आहे. कुणी आलं की ते गादीखाली जायचं. मी आठ-नऊ वर्षांची असेन. एका संध्याकाळी पाळकसाहेब घरी आले. आई चहा टाकायला आत गेली आणि मी मोठ्या कौतुकानं गादीखालचं पुस्तक काढून त्यांच्या हातात दिलं. "आईचं आहे, ती रोज वाचते." त्यांनी पहिलं पान उघडलं, नाव वाचलं, पुस्तक मिटून बाजूला ठेवलं. बोलले काहीच नाहीत. आई चहाचा ट्रे घेऊन दारात उभी. तिचा तो चेहरा मी अजून विसरलेले नाही. दुसऱ्या दिवशी पुस्तक वाचनालयात परत गेलं. त्यानंतर कितीतरी वर्षं आमच्या घरात कादंबरी दिसली नाही.

आता माझं सांगते. गेल्या महिनाभरात माझी सहा पुस्तकं झाली. कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत, सोसायटीच्या गेटवर स्कूलबस येईपर्यंत, मोठीच्या कथकच्या क्लासबाहेर पायरीवर बसून, पीएमपीत जागा मिळाली तर बसमध्ये. रात्री पोरांची प्रार्थना घेतली, त्यांना झोपवलं की मग सलग वीस-पंचवीस पानं. कुणाचा डबा चुकला नाही, कुणाचा अभ्यास राहिला नाही. आणि हा हिशेब मी का देतेय? नवरा तीन-तीन तास क्रिकेट बघतो, त्याला कुणी विचारलंय का कधी, की तेवढ्यात किती अध्याय झाले असते?

बरं, वाचलं काय? जॅनेट ओक या कॅनडातल्या बाईंची 'लव्ह कम्स सॉफ्टली', 1979 सालची. इंग्रजीतल्या आजच्या ख्रिस्ती प्रेमकादंबऱ्यांची वाट तिनंच मोकळी केली असं मानतात. नवरा-बायको नवी जमीन शोधत पश्चिमेकडं निघालेत. वाटेत मार्टीचा नवरा मरतो. ती पोटुशी. त्याला पुरतात त्याच दिवशी क्लार्क नावाचा एक विधुर तिला लग्नाचं विचारतो, कारण त्याच्या लहानग्या मुलीला आई हवी आणि हिवाळ्याच्या तोंडावर हिला छप्पर हवं. ती चिडून लग्न करते. मग घर, चूल, जनावरं, थंडी, त्या चिमुरडीचे हट्ट. तो जेवणाआधी डोळे मिटून देवाशी बोलतो आणि हिला कळत नाही हा कुणाशी बोलतोय. प्रेम कधी आलं ते त्या दोघांनाही उशिरा कळतं. मला त्या क्लार्कमध्ये माझे आजोबा दिसले. आजीशी जास्त न बोलणारे, पण पहाटे उठून तिच्या आधी चूल पेटवून ठेवणारे.

मग फ्रॅन्सीन रिव्हर्स यांची 'रिडीमिंग लव्ह'. पवित्र शास्त्रातला, म्हणजे बायबलातला, बेइमान बायकोवर प्रेम करत राहिलेला होशेय संदेष्टा त्यांनी 1850 च्या सुमारच्या कॅलिफोर्नियात नेलाय. जो तो सोनं शोधत धावतोय, आणि हा शेतकरी कोठीवरच्या बाईशी लग्न करतो. ती पळून जाते, तो घेऊन येतो, ती पुन्हा जाते. बसमध्ये वाचताना माझे डोळे भरून आले, शेजारच्या काकूंनी पाण्याची बाटली पुढं केली. होशेयावर मी आजवर कितीतरी उपदेश ऐकले. त्याच्या जिवाची काय दशा झाली असेल, ते मला या कादंबरीत कळलं. घरी येऊन रात्री होशेयाचं पुस्तक काढून पुन्हा वाचलं. म्हणजे बाई, तुमचे अध्यायसुद्धा झाले.

आणि प्रेमाचं एवढं वावडं असेल तर रूथचं काय करायचं? चारच अध्याय, पण त्यात एक विधवा सून रात्री खळ्यावर बवाजाच्या पायाशी जाऊन निजते. गीतरत्नाचे आठ अध्याय आहेत, ते काय फाडून टाकायचे? देवाला प्रेमाची लाज वाटली नाही, आपल्याला का वाटते?

हो, या कादंबऱ्यांत शेवट काय होणार ते तिसऱ्या प्रकरणात कळतं. अमेरिकेतल्या, अजून जुन्या पद्धतीनं राहणाऱ्या आमिश ख्रिस्ती लोकांवरच्या एका कादंबरीत तर टोप्या आणि घोडागाड्या पुसल्या तर काही उरेल की नाही शंका आहे. मान्य. पण शेवट माहीत असलेली गोष्ट आपण दर नाताळला ऐकतोच ना?

आता ज्यासाठी खरं लिहायला बसले ते. याच महिन्यात मी बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' वाचली. 1857 सालची. मराठीतली पहिली कादंबरी. विधवाविवाहाचा कायदा झाला 1856 ला आणि दुसऱ्याच वर्षी हे पुस्तक. लिहिणारा तीनच वर्षांपूर्वी बाप्तिस्मा घेतलेला तरुण. यमुना शिकलेली, नवऱ्याबरोबर प्रवास करते, ठिकठिकाणी विधवांची दुःखं ऐकते, आणि मग स्वतःच विधवा होते. तिच्या केशवपनाची गोष्ट निघते. शेवटी ती उघडपणे ख्रिस्ती होते आणि दुसरं लग्न करते. वाचायला जड आहे, पानंच्या पानं उपदेश आहे. काही जण तिला कादंबरीच मानत नाहीत, 1861 च्या 'मुक्तामाले'ला पहिला मान देतात. देऊ देत. पण मराठी कादंबरीच्या उंबरठ्यावर आमची यमुना उभी आहे, पुन्हा संसार मांडणारी, हे कसं पुसणार?

आणि मग पुढं? माझ्यासारख्या घरातली बाई कुठं गेली? नाताळच्या आधी करंज्या-शंकरपाळ्यांचा घाणा काढणारी, पेटी-तबल्यावर रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं म्हणणारी, सासूशी भांडून त्याच सासूबरोबर संध्याकाळची प्रार्थना करणारी. तिचं लग्न कसं जमलं, तिनं कुणावर प्रेम केलं, कुणासाठी रडली? ही गोष्ट मला मराठीत का मिळत नाही? ताटावर बसण्याआधी हात जोडणारं घर वाचायला मला थेट कॅनडातल्या बाईंकडं का जावं लागतं? मराठी साहित्यवाल्यांना आम्ही दिसत नाही आणि आमच्या मंडळीला आमचं प्रेम दिसू नये असं वाटतं. मधल्यामध्ये आम्ही पुस्तकांना पांढरी कव्हरं घालत बसायचं.

लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' आहेत, हे कमेंटमध्ये कुणीतरी लिहिणारच. ती कादंबरी नाही, आत्मचरित्र आहे. पण तुमचं बरोबर आहे. त्यांच्या नवऱ्यानं, ना. वा. टिळकांनी, 1895 ला बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी 1900 मध्ये. मधली वर्षं रडणं, भांडणं, ताटातूट, आणि तरी एकमेकांवाचून जीव राहत नाही. यापेक्षा मोठी प्रेमकथा मराठीत मला माहीत नाही. आईकडं त्याची जुनी प्रत होती. ती मात्र कपाटात समोर असायची, कव्हराशिवाय.

इथवर लिहिलं आणि राहवेना, म्हणून मघाशी आईला फोन केला. ती जागीच होती, रात्रपाळीची सवय अजून गेलेली नाही. चर्चमधल्या बाईंचं बोलणं सांगितलं. मग ते पाळकसाहेब, ते पुस्तक, ते सगळं काढलं. म्हटलं, "आई, त्या दिवशी मी द्यायला नको होतं गं." ती म्हणाली, "पाळकसाहेबांचं काय घेऊन बसलीस. त्यातल्या त्या पोरीचं पुढं काय झालं, ते राहूनच गेलं बघ."

पुस्तकाचं नाव तिला आठवत नाही, लेखिकेचंही नाही. एवढंच आठवतं: नायिका कोकणातल्या शाळेत शिक्षिका, तो बोटीवर नोकरीला. तो येणार म्हणून पत्र येतं आणि त्याच दिवशी तिची बदली होते. आई तिथवर आली होती. 1990 च्या आधीची कादंबरी असणार. कुणाच्या वाचनात आली असेल, घरी पडली असेल, आईच्या-मावशीच्या कपाटात असेल, तर मला सांगा. मी येऊन घेऊन जाईन.