‘इंजिन कुणाचं?’ : भिवंडीकरांच्या प्रतिक्रियेला उत्तर

भिवंडीकर, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा निम्मं पटलं. त्यामुळे उत्तर लांबलंय, सांभाळून घ्या.

ज्यांनी मूळ लेख वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: ट्रक घेताना समोरच्या जाळीवरच्या नावावर जाऊ नका, आत इंजिन कुणाचं आहे आणि इंजिनवाल्याचं ट्रकवाल्याशी नातं काय ते विचारा, असं मी लिहिलं होतं. भिवंडीकरांचं म्हणणं असं की टाटाच्या गाडीतलं इंजिन ‘बाहेरचं’ म्हणणं हे अज्ञान आहे. कंपनीचा मालक कोण हा शेअर बाजारवाल्यांचा विषय, मोटर मालकाला एव्हरेज आणि हप्ता कळतो. आणि कळंबोलीत स्पेअर विकणाऱ्या माणसानं गिऱ्हाइकाला असं घाबरवू नये.

शेवटचं आधी घेतो. हो, मी स्पेअर विकतो. गोंधळ वाढला तर माझा धंदा वाढतो, कमी होत नाही. चुकीचा माल घेऊन गेलेला माणूस संध्याकाळी परत येतो आणि दुसरा पार्ट घेऊन जातो. तेव्हा माझ्या पोटावर पाय देऊन लिहिलंय, एवढं तरी माना.

आता अज्ञानाचं. ‘टाटाच्या गाड्यांत इंजिन बाहेरचं’ हे वाक्य मी सरसकट लिहिलं, ती चूक झाली. टाटा कमिन्स ही टाटा आणि अमेरिकेची इंजिनवाली कमिन्स यांची १९९३ साली निघालेली निम्म्या-निम्म्या भागीदारीची कंपनी आहे. जमशेदपूरला सुरू झाली, आता आपल्या फलटणलाही तिचा कारखाना आहे. याला बाहेरचं म्हणता येणार नाही. पण घरचं तरी कसं म्हणावं? ही सामाईक विहीर आहे. पाणी आपल्या शेताला येतं, पण पाळी दोघांची. आणि हलक्या-मध्यम गाड्यांत टाटाची स्वतःची इंजिनं आहेतच, पाच लिटरचं टर्बोट्रॉन धरून.

जुनी उदाहरणं तर याहून गमतीची. टेल्कोनं, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सनं, १९५४ मध्ये मर्सिडीजवाल्या डाइमलर-बेंझशी १५ वर्षांचा करार केला. १९६९ मध्ये तो संपला आणि जाळीवरचा मर्सिडीजचा तारा गेला. पण ज्याला आपण सगळे ‘सहाशे सत्त्याण्णव’ म्हणतो त्या इंजिनाचा नंबर फोडून बघा. ६ म्हणजे सिलिंडर, ९७ म्हणजे मिलिमीटरमध्ये बोअर, सिलिंडरची आतली रुंदी. स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, १२८. हिशेब केला की ५६७५ सीसी. मर्सिडीजच्या ओएम ३५२ इंजिनाचे आकडे अगदी हेच. ‘चारशे सत्त्याण्णव’ म्हणजे त्याच बोअर-स्ट्रोकचे चार सिलिंडर, ३७८३ सीसी. सोयरीक मोडली, पण सासरची रेसिपी घरात राहिली. मुंब्र्यापासून कळंबोलीपर्यंत कुठल्याही मिस्त्रीकडे जा, हे इंजिन तो झोपेत बांधेल.

लेलँडचंही तेच. कंपनी चेन्नईजवळच्या एन्नोरची, नाव इंग्लंडचं, १९८७ पासून हिंदुजांची, त्यात सुरुवातीला इटलीच्या इव्हेकोचा वाटा आणि इंजिन जपानच्या हिनोच्या परवान्यावरचं. पुढे इव्हेकोचा वाटा हिंदुजांनी विकत घेतला. हिनो स्वतः टोयोटाच्या घरात गेली. तरी आमच्या गल्लीत ‘हिनोचा हेड आहे का’ असंच विचारतात. (आणि तीच इव्हेको विकत घेणार असल्याचं टाटा मोटर्सनं जुलै २०२५ मध्ये जाहीर केलं, ३.८ अब्ज युरोला. जी कधीकाळी लेलँडच्या ओसरीवर होती ती टाटांच्या माजघरात. तिच्याबरोबर तिच्याच घरातल्या एफपीटी या इंजिन कंपनीची इंजिनंही. ज्यांना मालकीचा विषय कंटाळवाणा वाटतो त्यांनी एवढं एक तरी चवीनं वाचावं.)

आता तुमचा खरा मुद्दा: मालकाशी मोटरवाल्याला काय करायचंय?

तुर्भ्याच्या खाणीवर चालणाऱ्या एका टिपरची गोष्ट सांगतो. ज्या कंपनीनं तो बनवला तिचा कारखाना आज बंद आहे. मालक सकाळी दुकानात आला, हेड गॅस्केट उडालेला, चेहरा उतरलेला. त्याला वाटलं गाडी आता भंगारात. मी विचारलं, चेसिस नंबर राहू द्या, इंजिनावरची पाटी वाचून सांगा. त्यानं पोराला फोन लावला, पोरगा गाडीखाली घुसला, पाटी पुसली आणि एक एक आकडा ओरडून सांगितला. कमिन्सचं ६बीटी, ५.९ लिटर. इंजिनाचा सिरीयल नंबर हातात असला की कमिन्सचा पार्ट मिळतो, मग ब्लॉक कुठल्या कंपनीच्या चेसिसवर बसलाय याच्याशी घेणंदेणं नसतं. दुपारपर्यंत गॅस्केट आणि रिंगा मिळाल्या. पण त्याच गाडीच्या दरवाजाची काच आणि केबिनचा आरसा? तीन आठवडे फिरला. शेवटी काच मापानं कापून घेतली आणि आरसा दुसऱ्याच गाडीचा पट्टी मारून बसवला. अजून तसाच चालवतो.

म्हणजे ट्रकवाला गेला तरी इंजिनवाला राहिला, म्हणून गाडी वाचली. उलटंही होतं. भागीदारी मोडली तर इंजिनाचं काय होणार हे करारात ठरलेलं असतं. महिंद्रा आणि अमेरिकेच्या नॅव्हिस्टारची सोयरीक २०१२ च्या अखेरीस सुटायला लागली, जाळीवरून नाव गेलं, पण ७.२ लिटरचं इंजिन चाकणलाच बनत राहिलं. तंत्र घरात आलं होतं. जर्मनीच्या मॅन या ट्रक कंपनीनं २०१८ मध्ये इथला कारभार आवरायचं ठरवलं, तेव्हा त्यांच्या गाड्यांच्या मालकांना पहिला प्रश्न हाच पडला की आता माल कुठून येणार.

आणि १ एप्रिल २०२० नंतर तर हे आणखी घट्ट झालंय. बीएस ६, म्हणजे धुराच्या नव्या नियमांच्या, गाडीत पंप बघून, आवाज ऐकून मिस्त्रीला काही कळत नाही. आधी लॅपटॉप लावायचा, कोड वाचायचा. सॉफ्टवेअर ज्याचं, चावी त्याची. पूर्वी नाशिकचा मायको नोझल टाकला की काळा धूर कमी व्हायचा. आता मायकोचं नाव बॉश झालं आणि इंजेक्टर बदलला तर त्याचा कोड ईसीयूमध्ये, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये, भरावा लागतो. ज्याला ते करायची परवानगी आहे तोच तुमच्या गाडीचा अर्धा मालक. हप्ता मात्र तुम्हीच भरता.

एव्हरेजबद्दल तुम्ही लिहिलंत ते शंभर टक्के खरं, त्यावर वाद नाही. पहिली पाच वर्षं एव्हरेजच बघा. माझा लेख सहाव्या वर्षापासूनचा होता, तेवढं मी स्पष्ट लिहायला हवं होतं.

तुमच्या ट्रेलरला सातवं वर्ष लागलंय असं तुम्हीच लिहिलंय, आणि त्यात कमिन्स आहे. एक काम करा. पुढच्या गिअर हाउसिंगवरची पाटी आजच शोधा, सिरीयल नंबर आणि सीपीएल नंबर (इंजिनात कुठले पार्ट बसवलेत त्या यादीचा नंबर) दोन्हीचा फोटो काढून मोबाईलमध्ये ठेवा. पाटीवर ऑइल-चिखल बसला असेल तर वायर ब्रश मारू नका, अक्षरं जातात. डिझेलमध्ये बुडवलेलं फडकं फिरवा, मग फोटो.