टर्नर, डोलकाठी आणि चार तास

इंग्रज चित्रकार जे. एम. डब्ल्यू. टर्नर याच्याविषयीचा एक संदेश सध्या सर्वत्र फिरत असून, चित्रकला शिकणाऱ्या माझ्या भाचीने तो जसाच्या तसा आपल्या निबंधात उतरवल्यामुळे त्याची दखल घेणे भाग पडले आहे. सदुसष्टाव्या वर्षी टर्नरने वादळात स्वतःला डोलकाठीला चार तास बांधून घेतले व तिथेच ‘हिमवादळ’ हे चित्र रंगवले; त्याची सर्व समुद्रचित्रे अशीच डोळ्यांदेखत काढलेली आहेत; आणि दृष्टी अधू झाल्यामुळे ती धूसर दिसतात, असे संदेशाचे म्हणणे आहे.

काठीला बांधलेला माणूस बर्फ आणि लाटांच्या माऱ्यात चार फूट रुंद कॅनव्हासवर तैलरंग कसा लावणार, हा प्रश्न संदेश पुढे ढकलणाऱ्या एकालाही पडू नये? तसा दावा खुद्द टर्नरनेही केला नव्हता. बांधून घेतल्याची गोष्ट मात्र त्याचीच. ती त्याने किंग्सली नावाच्या पाद्र्याला सांगितली आणि कलासमीक्षक रस्किनच्या लिखाणातून ती पसरली. 1842 मध्ये लंडनच्या रॉयल अकॅडमी या कलासंस्थेत मांडलेल्या या चित्राच्या लांबलचक शीर्षकातही, ‘एरियल’ ही आगबोट हारविच या इंग्लंडमधल्या बंदराहून निघाली त्या रात्री चित्रकार या वादळात होता, असे त्याने लिहिले. परंतु कलाइतिहासकार बटलिन आणि जॉल यांनी केलेली टर्नरच्या तैलचित्रांची सूची पाहिली, तर त्या काळात हारविचहून ये-जा करणाऱ्या ‘एरियल’ नावाच्या आगबोटीचा पत्ताच लागत नाही. शिवाय डोलकाठीची हीच आख्यायिका फ्रेंच चित्रकार जोसेफ व्हर्ने याच्याविषयी आधीपासून प्रचलित होती आणि त्याच्या नातवाने 1822 मध्ये त्या प्रसंगाचे चित्रही काढले होते.

टर्नरला समुद्राचा अनुभव होता, एवढे मान्य करावेच लागेल. 1802 मध्ये कॅले बंदरात उतरताना आपण जवळजवळ बुडालो होतो, अशी नोंद त्याच्या रेखाटनवहीत आहे. पण तेवढ्यावरून प्रत्येक चित्र साक्षीपुरावा ठरत नाही. 1838 मध्ये ‘टेमेरेअर’ ही युद्धनौका मोडीत काढण्यासाठी नेली, तेव्हा तिच्या डोलकाठ्या आधीच उतरवलेल्या होत्या आणि तिला दोन आगबोटी ओढत होत्या; टर्नरच्या चित्रात डोलकाठ्या उभ्या आहेत आणि ओढणारी आगबोट एकच आहे.

राहिला दृष्टीचा मुद्दा. त्याच 1842 सालच्या ‘निळा रिगी’ या स्विस डोंगराच्या जलरंगचित्रात तळ्यावरून उडणारी चिमुकली बदके अधू डोळ्यांनी कशी रेखली असतील, हे संदेशकर्त्यानेच सांगावे.