३आय/अ‍ॅटलास: यान नव्हे, धूमकेतूच

‘३आय/अ‍ॅटलास हे परग्रहवासीयांचं यान आहे आणि नासा ते लपवतेय’ हा मेसेज ग्रुपाग्रुपांवर फिरला. ३आय/अ‍ॅटलास हा आपल्या सूर्यमालेबाहेरून आलेला, आजवर ओळखलेला तिसरा पाहुणा. मेसेजमधले मुद्दे तपासून पाहू.

‘त्यातून रेडिओ सिग्नल आला.’ दक्षिण आफ्रिकेतल्या मीरकॅट दुर्बिणीने २४ ऑक्टोबर २०२५ला १६६५ आणि १६६७ मेगाहर्ट्झवर रेषा टिपल्या, हे खरं. पण त्या शोषणरेषा होत्या. म्हणजे तिथून कुणी काही पाठवलं नव्हतं. उलट, त्या वारंवारितांच्या लहरी धूमकेतूभोवतीच्या वायूने शोषून घेतल्या होत्या. हा वायू हायड्रॉक्सिल. उन्हाने पाण्याचा रेणू फुटला की तो तयार होतो. धूमकेतू असल्याचा याहून चांगला दाखला कुठला हवा?

‘निकेल आहे, लोखंड नाही, असा धातू कारखान्यातच बनतो.’ सुरुवातीला नुसतं निकेल दिसलं, पण सूर्य जवळ येऊ लागला तसं लोखंडही दिसलं. शिवाय असाच बाहेरून आलेल्या २०१९च्या बोरिसॉव्ह धूमकेतूत निकेलची वाफ सापडली होती, आणि आपल्या घरच्या धूमकेतूंतही ती सापडते.

‘मार्ग ग्रहांच्या पातळीतच कसा?’ फरक जेमतेम ५ अंशांचा आहे, पण तो ग्रहांच्या उलट दिशेने फिरला. आधीचे दोन पाहुणे, औमुआमुआ आणि बोरिसॉव्ह, चांगलेच तिरके आले होते. तिघांतल्या एकाचा योगायोग हेरून त्याला हेतू चिकटवणं हा पुरावा नव्हे.

लपवाछपवीचं म्हणाल, तर १ जुलै २०२५ला चिलीतल्या दुर्बिणीतून तो सापडला आणि दुसऱ्याच दिवशी जाहीर झाला. पुढे जगभरच्या हौशी निरीक्षकांनीही त्याचे फोटो काढले.

मला खरी हळहळ वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. जेम्स वेब दुर्बिणीला ऑगस्टमध्ये त्याच्या वायूत पाण्याच्या सुमारे आठपट कार्बन डायऑक्साइड आढळला. आपल्याकडच्या धूमकेतूंत सहसा पाणीच जास्त असतं. तेव्हा एक तर तो त्याच्या मूळ ताऱ्यापासून फार दूर, कडाक्याच्या थंडीत गोठला असेल, नाही तर अब्जावधी वर्षं वैश्विक किरणांचा मारा सोसून त्याचा बर्फच बदलला असेल. बोरिसॉव्हमध्ये कार्बन मोनॉक्साइड भरपूर होता, आणि तो टिकायला थंडी आणखी कडक लागते. असे तुकडे बहुधा गुरूसारखे मोठे ग्रहच त्यांच्या ताऱ्याच्या ग्रहमालेबाहेर भिरकावतात. दुसऱ्या ताऱ्याभोवती ग्रह घडताना उरलेला हा माल आपल्या दुर्बिणींच्या टप्प्यात आला, आणि चर्चा मात्र यानाचीच झाली.